केसपेपरवरचा एक शब्द

मा. आरोग्यमंत्री, महाराष्ट्र राज्य यांस,
सप्रेम नमस्कार.

माझा धाकटा भाऊ साताऱ्यात एका गॅरेजमध्ये मेकॅनिक होता. सहा वर्षांपूर्वी त्याला कानात आवाज ऐकू यायला लागले. आम्ही आधी देवऋषी गाठला (दाभोलकरांच्या साताऱ्यात राहून!). करणी उतरवण्यात चार महिने आणि दोन कोंबडे गेले. मग डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं, स्किझोफ्रेनिया. त्या रात्री आई कितीतरी दिवसांनी शांत झोपली. शेजारणीने काही केलेलं नव्हतं. आजार होता आणि त्यावर गोळ्या होत्या.

घरात ज्या नावानं धीर दिला, त्यानंच बाहेर घात केला. दवाखान्याच्या व्हरांड्यात शिपाई ओरडायचा, "येड्यांची लाईन इकडं!" रजेसाठी मालकानं केसपेपरची झेरॉक्स मागितली. त्यावरचं नाव त्यानं मोबाइलवर शोधलं. 'छिन्नमनस्कता', 'दुभंगलेलं व्यक्तिमत्त्व' असं काहीबाही सापडलं. दुसऱ्या दिवशी म्हणाला, "ताई, इथं पाने-हातोडे असतात, उगं रिस्क नको." तेच पाने भाऊ पाच वर्षं चालवत होता, आणि आता तर गोळ्यांनी तो सावरलाही होता.

एका माणसात दोन माणसं, असं या आजारात काही नसतं. पण नावच 'छिन्न' म्हटल्यावर लोक दुसरं काय समजणार? जपानमध्येही 'मन दुभंगण्याचा आजार' अशाच अर्थाचं नाव होतं. रुग्णांच्या घरच्यांनी ते बदलायची मागणी लावून धरली आणि 2002 मध्ये तिथल्या मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेनं ते बदललं. त्यानंतर डॉक्टर रुग्णाला आजाराचं निदान मोकळेपणानं सांगू लागले. नुसत्या नावानं सगळी भीती जात नाही, हे मलाही कळतं.

2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यात कलम 23 रुग्णाला गोपनीयतेचा हक्क देतं. मग रजेच्या दाखल्यावर 'उपचार चालू, कामास योग्य' एवढंच का पुरू नये? तसा नियम करा, आणि मालकाला केसपेपर मागताच येऊ नये. मराठी नाव ठरवायला डॉक्टरांबरोबर आमच्यासारख्या घरच्यांनाही बसवा. आणि त्या शिपायाला एक दिवसाचं तरी प्रशिक्षण द्या.

भाऊ आता अंगणातच ओळखीच्यांच्या गाड्या दुरुस्त करतो. पाहुणे येणार असले की आई त्याची फाईल पिठाच्या डब्यामागं सारते.

आपली,
सातारची एक बहीण