यात्रेला निघण्याआधी: बंद बस, खोकला आणि टीबी

ती. आई-बाबांना,
सा. न. वि. वि.

काशी-प्रयागची बस ठरली, चौदा दिवस, चाळीस माणसं. चादरी, थर्मास, शेंगदाण्याची चटणी हे आई बघेलच. मी लिहिते आहे ते हवेबद्दल. जगातल्या टीबी रुग्णांपैकी साधारण चौथा हिस्सा आपल्या देशात आहे आणि तुम्ही थंडीत निघणार, म्हणजे बस असो की धर्मशाळा, दारं-खिडक्या गच्च बंद.

आधी एक भीती काढून टाका. उष्टा पेला, ताट, चादर, संडास, हात मिळवणं, यातून टीबी लागत नाही. फुप्फुसाचा टीबी असलेला माणूस खोकतो, शिंकतो, मोठ्यानं बोलतो किंवा भजन म्हणतो, तेव्हा त्याच्या तोंडातून अतिसूक्ष्म तुषार निघतात. मोठे थेंब खाली पडतात. 1 ते 5 मायक्रॉनचे कण मात्र बंद खोलीत काही तास तरंगत राहतात आणि श्वासावाटे थेट फुप्फुसाच्या तळाशी पोचतात. म्हणून पेला वेगळा ठेवून त्याच माणसाशेजारी रात्रभर एसीत झोपणं म्हणजे उंदराला घाबरून सापाशेजारी बसण्यासारखं आहे. गाठींचा किंवा हाडांचा टीबी असलेल्या माणसापासून सहसा कुणाला लागत नाही. ज्याचे उपचार नीट चालू आहेत आणि औषध लागू पडतं आहे, त्याच्यापासूनचा धोकाही काही आठवड्यांत खूप कमी होतो. अशा कुणाला बसमधून उतरवायची भाषा कुणी केली तर बाबा, तुम्ही मध्ये पडा.

धोका तासांवर ठरतो. चहाच्या टपरीवर पाच मिनिटं शेजारी कुणी खोकलं तर त्याचा फार विचार करू नका. विमानात टीबीचा रुग्ण होता असं नंतर कळलं, तर जागतिक आरोग्य संघटनेच्या सूचनेनुसार प्रवास 8 तास किंवा जास्त असेल तरच सहप्रवाशांचा शोध घेतात, तोही त्याची रांग आणि पुढच्या-मागच्या दोन-दोन रांगांपुरता. तिथली हवा बारीक गाळणीतून फिरते. ट्रॅव्हल्सच्या एसी स्लीपरमध्ये बहुतेक वेळा तीच हवा थंड होऊन परत येते आणि तुम्ही त्यात चौदा दिवस त्याच चाळीस जणांबरोबर असणार. या हिशेबानं खिडक्या खडखडणारी आपली लालपरी बरी!

म्हणून बसमध्ये असं करा. ड्रायव्हरला एसी ‘बाहेरची हवा’ वर ठेवायला सांगा, त्या गाडीत सोय असेल तर. नसेल तर दिवसा एसी बंद आणि दोन्ही बाजूंच्या खिडक्या चार बोटं उघड्या. एकाच बाजूच्या उघडल्या तर हवा आरपार जात नाही. जेवणाच्या थांब्यावर दोन्ही दारं, खिडक्या आणि छताची झडप दहा-पंधरा मिनिटं सताड उघडी राहू द्या. रात्री थंडीनं कुणी उघडू देणार नाही, तेव्हा मास्क.

धर्मशाळेत खोली बघताना गादीआधी खिडकी बघा. समोरासमोर दोन खिडक्या किंवा खिडकी आणि दार हवं. खोलीतली हवा तासाला सहा वेळा बदलत असेल तर हवेतले 99 टक्के कण जायला 46 मिनिटं लागतात. दोनच वेळा बदलत असेल तर सव्वादोन तासांवर. मोठ्या हॉलमध्ये आधीची तुकडी नुकतीच उठून गेली असेल, तर आधी सगळं उघडा, तासाभरानं अंथरुणं घाला. भिंतीवरचा स्प्लिट एसी बाहेरची हवा आत घेतच नाही, तो आतलीच फिरवतो. खोलीतला एसी म्हणजे स्वच्छ हवा, हा आपल्याकडचा मोठा गैरसमज आहे.

मास्कचं गणित दोन प्रकारचं. खोकणाऱ्याला साधा सर्जिकल मास्क द्या, त्यानं तुषार उगमालाच अडतात. स्वतःसाठी मात्र एन-95. रुमाल, उपरणं किंवा पदर नाकावर घेतल्यानं एवढे बारीक कण अडत नाहीत आणि सर्जिकल मास्क गालाकडून उघडा राहतो. एन-95 ला दोन पट्टे असतात: वरचा डोक्याच्या मागे उंचावर, खालचा कानांखालून मानेवर. नाकावरची पट्टी दोन्ही हातांच्या बोटांनी दाबून बसवा. मग जोरात श्वास सोडा. डोळ्यांकडे हवा आली तर बसलेला नाही. बाबा, तुमच्या मिशा मास्कच्या आत मावतात, त्यांना कुणी हात लावत नाही, पण दाढीचे खुंट वाढले की कडेनं हवा शिरते, तेव्हा रोज दाढी. मास्क धुवायचा नाही. कागदी पिशवीत वाळवून परत वापरायचा, आणि ओला झाला किंवा पट्टा सैल पडला की टाकायचा.

आता तुम्हा दोघांपुरतं. जंतू शरीरात गेलेल्या शंभर जणांपैकी पाच ते दहा जणांनाच आयुष्यात कधीतरी रोग होतो, त्यातही बऱ्याच जणांना पहिल्या दोन वर्षांत. मधुमेहात हा धोका दोन-तीन पट होतो. म्हणून बाबा, निघण्याआधी एचबीए1सी, म्हणजे तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी सांगणारी रक्ततपासणी, करून घ्या आणि गोळ्या वीस दिवसांच्या न्या. शिवाय शिरोलीच्या फाउंड्रीतली वर्षं विसरू नका. साच्याच्या वाळूची धूळ, म्हणजे सिलिका, फुप्फुसात साठली असेल तर टीबीचा धोका कैक पटीनं वाढतो. छातीचा एक्स-रे आताच काढा आणि ती फिल्म जपून ठेवा. पुढे कधी डाग दिसला तर तो जुना की नवा, हे जुन्या फिल्मशिवाय सांगणं अवघड जातं.

आई, गुडघ्यासाठी वाटेत कुणी काळ्या गोळ्यांची पुडी देईल. घेऊ नकोस. अशा पुड्यांत स्टेरॉइड मिसळलेलं सापडलं आहे आणि त्यानं दबून राहिलेला टीबी डोकं वर काढतो. दम्याचा पंप मात्र, त्यात स्टेरॉइड असलं तरी, बंद करायचा नाही. आणि जन्मतः टोचलेल्या बीसीजीच्या भरवशावर कुणी राहू नये. ती लस लहान मुलांना मेंदूच्या टीबीसारख्या गंभीर प्रकारापासून वाचवते, साठीनंतर तिचं कवच उरत नाही.

परत आल्यावर लगेच तपासणीला पळू नका. नव्या संसर्गाची त्वचेची किंवा रक्ताची चाचणी पॉझिटिव्ह यायला आठ-दहा आठवडे लागू शकतात. आपल्याकडे कित्येक प्रौढांची ती आधीपासूनच पॉझिटिव्ह असते, त्याचा अर्थ रोग आहे असा होत नाही. लक्षणांवर लक्ष ठेवा, दोन वर्षं तरी: दोन आठवड्यांवर खोकला, संध्याकाळचा ताप, रात्रीचा घाम, कपडे सैल होणं, थुंकीत रक्त. या वयात कधीकधी खोकल्याआधी नुसती भूक मंदावते. म्हणून निघण्याच्या दिवशी वजन लिहून ठेवा आणि दर महिन्याला त्याच काट्यावर करा.

खोकला दोन आठवडे टिकला तर मेडिकलमधून बाटली आणू नका. सगळ्यात जास्त घोटाळा लिव्होफ्लॉक्सॅसिनसारख्या अँटिबायोटिक गोळीनं होतो. ती टीबीच्या जंतूंनाही थोडी मारते, दहा दिवस बरं वाटतं, निदान लांबतं आणि पुढे औषध जुमेनासं होण्याचा धोका राहतो. सरळ सीपीआरला, आपल्या कोल्हापूरच्या सरकारी दवाखान्यात, जा, थुंकीची चाचणी तिथे फुकट होते. नमुने दोन लागतात, त्यातला एक पहाटेचा. साध्या पाण्यानं चूळ भरा, दोन-तीन वेळा खोल श्वास घ्या, मग छातीतून खोकून बेडका काढा, चमचाभर पुरे. लाळ चालत नाही, बरेच नमुने त्यातच वाया जातात. हे काम घरात नको, गच्चीवर करा. नाव बाटलीवर लिहा, झाकणावर नको.

बसमधल्या कुणाला नंतर फुप्फुसाचा टीबी निघाला तर लपवाछपवी न करता डॉक्टरांना कळवा. रोग नाही याची खात्री झाल्यावर ते प्रतिबंधक औषध देऊ शकतात: सहा महिने रोज आयसोनियाझिड, किंवा त्याच्या जोडीला रिफापेंटिन, आठवड्याला एकदा असे बारा डोस. रिफापेंटिन साखरेच्या आणि रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांचा जोर कमी करतं, म्हणून चालू औषधांची चिठ्ठी दाखवाच. वाटेत काही विचारायचं झालं तर टीबीचा सरकारी फोन 1800-11-6666, फुकट आहे.

तुमची लेक

ता. क. बाबा, गंगावेशीच्या कट्ट्यावरचं धारोष्ण दूध तुम्हाला किती प्रिय आहे ते ठाऊक आहे. पण आजारी म्हशीच्या कच्च्या दुधातूनही टीबी येतो, आणि तो बहुतेक वेळा फुप्फुस सोडून गाठी किंवा आतडी धरतो. यात्रेत तर गोठा कुणाचा, जनावर कसलं, काहीच माहीत नसतं. दूध उकळी फुटलेलंच प्या, आणि कट्ट्यावरचंसुद्धा आता घरी आणून, तापवून.