करपा वेगळा, कडाकरपा वेगळा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

कालच्या अंकातला भातावरच्या करप्याचा लेख वाचला. लेख बरा आहे, पण त्याखालचा फोटो निवडणाऱ्याने भाताचं पान कधी हातात धरलेलं नसावं. फोटोतलं पान शेंड्याकडून, दोन्ही कडांनी नागमोडी पिवळं पडत खाली आलंय. हा कडाकरपा, जिवाणूंचा रोग. करपा बुरशीचा. त्याचा ठिपका डोळ्यासारखा, दोन्ही टोकांना निमुळता, मधे राखाडी आणि कडेने तपकिरी. आमच्या वाडीतलं शाळकरी पोरही हे सांगेल.

एवढ्यासाठी कशाला पत्र, असं म्हणाल. चार वर्षांपूर्वी ऐन श्रावणात माझ्या खालच्या मळ्यात कडाकरपा आला. पानं पिशवीत घालून तालुक्याच्या दुकानात नेली. दुकानदाराने पिशवीत न डोकावताच 'करपा' म्हणून बुरशीनाशक दिलं, वर 'काळोखी येईल', म्हणजे पानं गर्द हिरवी होतील, म्हणत युरियाची गोणी. मीही एवढा शहाणा की दोन्ही वापरलं! बुरशीनाशकाला जिवाणू काय भीक घालणार? युरियाने पान लुसलुशीत झालं, आणि अशा पानावर करपा काय, कडाकरपा काय, दोघांचंही फावतं. त्या मळ्यात भातापेक्षा पळींज, म्हणजे पोकळ दाणे, जास्त निघालं. पेंढा गुरांनी हुंगून सोडला. आता तोच घोटाळा छापून आल्यावर दुकानदाराला बोल कसा लावू?

लेखात 'दमट हवामानात रोग वाढतो' एवढं एक वाक्य आहे. खरी गोष्ट तिथेच आहे. करप्याच्या बुरशीला पान बरेच तास ओलं लागतं. मग ती पानाला चिकटून फुगते आणि मोटारीच्या टायरमधल्या हवेच्या तीसपटीहून जास्त दाबाने आत घुसते. म्हणजे पान रात्री किती वेळ ओलं राहिलं, हे आम्हाला कळायला हवं. तुमच्या हवामानाच्या चौकटीत मात्र मुंबई-पुण्याचं कमाल-किमान तापमान, आणि जागा उरली तर रत्नागिरीचं. कोकण आवृत्तीत आर्द्रता छापायला जास्त शाई लागते का?

अर्थात पावसाळ्यात तुमचा अंक दुपारच्या एसटीने भिजूनच येतो. पान किती वेळ ओलं होतं, त्याचा अंदाज आम्ही सध्या त्यावरूनच बांधतो.

आपला,
एक भातशेतकरी, ता. गुहागर