चिनी महालातला कैदी कुणी सांगेल का?

मा. संपादक,

आपल्या पुरवणीत शालेय सहलींसाठी देवगिरी किल्ल्याची माहिती आली होती. अंधारी (काळोखी भुयारी वाट), चांद मिनार, मेंढा तोफ, सगळं सविस्तर; ज्या चिनी महालात एक सुलतान मरेपर्यंत कैदेत होता, त्याला मात्र एक ओळ. म्हणून हे पत्र.

अशा कैद्यांच्या गोष्टी कशा सांगाव्यात, ते मी परदेशात पाहिलं. लेक इटलीत बोलोन्याला शिकते. तिच्याकडे गेले तेव्हा रेल्वेनं अर्ध्या तासावरचं फेरारा पाहिलं. भर गावात, पाण्यानं भरलेल्या खंदकात उभा विटांचा किल्ला, एस्ते घराण्याचा. करांनी पिचलेल्या लोकांनी १३८५ साली कारभाऱ्याचा जीव घेतला, तेव्हा आपल्याच रयतेच्या धास्तीनं राजानं तो बांधायला काढला.

तळातल्या कोठड्यांत कंबरेत वाकून शिरावं लागतं (माझ्या गुडघ्यांनी चांगलाच निषेध नोंदवला). याच एस्ते घराण्यातला निकोलो तिसरा, त्याची तरुण बायको पारिसिना आणि त्याचा अनौरस मुलगा ऊगो यांचं सूत जुळलं. १४२५ मध्ये दोघांचीही मुंडकी उडवली. आणि हा निकोलो कसा? पो नदीच्या अल्याड-पल्याडची सगळी पोरं त्याचीच, असं तिथली म्हण सांगते. पुढच्या पिढ्यांत जूलिओ. त्याची भावजय, म्हणजे ड्यूकची बायको लुक्रेझिया बोर्जिया, हिच्या नात्यातल्या आंजेलानं त्याच्या डोळ्यांची तारीफ केली, म्हणून १५०५ साली त्याच्या कार्डिनल (चर्चमधला बडा धर्मगुरू) असलेल्या सावत्र भावानं त्या डोळ्यांवरच मारेकरी घातले. ड्यूक असलेल्या भावानं कार्डिनलला पाठीशी घातलं. जूलिओनं कट केला, तो फसला. १५०६ साली कैदेत पडलेला माणूस १५५९ साली सुटला, ऐंशी उलटल्यावर! लुक्रेझिया विष घालून माणसं मारायची, या गोष्टींना मात्र पुरावा नाही. नवऱ्याच्या गैरहजेरीत तिनं तिथला कारभार पाहिला.

घराण्याची लक्तरं वेशीला टांगून फेराराकरांनी वर तिकीट लावलंय, आणि लोक रांगा लावून ऐकतात.

आपल्याकडे गोवळकोंड्याचा शेवटचा सुलतान अबुल हसन तानाशहा १६८७ साली औरंगजेबाच्या हाती लागला आणि मरेपर्यंत देवगिरीवर राहिला, त्याच चिनी महालात. आमच्या शाळेच्या सहली मी कितीदा तिथं नेल्या. गाइड मुलांना अंधारीत घाबरवायचे, तोफेपाशी फोटो काढू द्यायचे आणि महालावरून तसेच पुढं न्यायचे. कैदेतल्या राजाची गोष्ट ऐकताना पोरं कशी गप्प बसतात, ते मी वर्गात पाहिलंय.

तिथं सहज नजरेत भरेल असा मोठ्या अक्षरांतला मराठी फलक हवा. शिक्षकांनीही दहा मिनिटं काढावीत. तानाशहाची कबर खुलताबादेत आहे. सहलीची बस वेरूळला जाते ती त्याच रस्त्यानं.

— एक निवृत्त इतिहास शिक्षिका, अंबाजोगाई