थोडक्यात हुकलं?

चि. निनाद,

अनेक आशीर्वाद.

परवा रात्री तू ‘छ्या, थोडक्यात हुकलं!’ म्हणत फोनवरचा तो स्लॉट मशीनचा गेम माझ्यासमोर धरलास. नाणी लावायची, चाकं फिरवायची, रेषेवर सारखी चिन्हं आली की बक्षीस, तो. दोन सात ओळीत लागले होते, तिसरा रेषेच्या किंचित वर थांबला होता. तेव्हा मी गप्प बसले. बोलले असते तर भांडण झालं असतं, आणि भांडणात माझं तोंड जरा जास्तच सुटतं. म्हणून लिहितेय. आणखी एक कबुली: तू झोपल्यावर मी तोच गेम घेऊन पाऊण तास खेळले.

तर त्या तिसऱ्या साताविषयी. स्लॉट मशीनमध्ये बटण दाबलं, की त्याच क्षणी आतला प्रोग्रॅम एक रँडम आकडा उचलतो. निकाल तिथेच लागतो. मग चाकांचं फिरणं, मंदावणं, शेवटच्या चाकाचं रेंगाळणं हे सगळं आधीच लागलेल्या निकालाचं नाटक. सात ‘जवळ’ आलाच नव्हता रे, तो जवळ दाखवला गेला.

कॅसिनोतल्या मशीनमध्ये तर याची रीतसर सोय आहे. जुन्या यांत्रिक मशीनच्या चाकावर समजा 22 घरं असली, तर तीन चाकांचे 10,648 मेळ होतात. बक्षीस फार मोठं ठेवलं तर मालकच बुडायचा. 1984 साली इंगे टेल्नेस यांना एका युक्तीचं पेटंट मिळालं: दिसायला चाक 22 घरांचं, पण संगणकाच्या आत 64 घरांचं. आता मेळ 2,62,144. मोठ्या बक्षिसाच्या चिन्हाला आतलं एकच घर द्यायचं आणि त्याच्या लगतच्या रिकाम्या जागांना भरपूर. मग ते चिन्ह रेषेच्या वरखाली सारखं डोकावतं, रेषेवर मात्र क्वचितच येतं. गणित म्हणून मला हे सुंदर वाटलं, आणि त्याचाच राग आला.

2009 मध्ये ल्यूक क्लार्क आणि सहकाऱ्यांनी केंब्रिजला लोकांना असाच खेळ खेळायला देऊन त्यांचे मेंदू तपासले. जरासं हुकलं की वाईट वाटतं, असं लोक सांगत होते. तरी पुढचा डाव खेळायची इच्छा वाढत होती, आणि मेंदूचे जे भाग जिंकल्यावर जागे होतात त्यांतले काही तेव्हाही जागे होत होते. तुझं ‘छ्या’ म्हणजे तेच.

मानसशास्त्रज्ञ स्किनरची प्रयोगातली कबुतरं तुला शाळेत भेटली असतील. किती टोचा मारल्यावर दाणा मिळेल याचा नेम ठेवला नाही, की कबुतर न थांबता टोचा मारत राहतं. पण खरी मेख पुढे आहे: दाणे बंद झाले तरी ते लवकर थांबत नाही. माझ्या जुन्या स्कूटरचंच बघ. ती कधी तिसऱ्या किकला सुरू व्हायची, कधी बाराव्या. म्हणून एकदा ती खरोखर बिघडली तेव्हा मी घामाघूम होईपर्यंत किक मारत राहिले. नेहमी पहिल्या किकला सुरू होणारी असती, तर चौथ्या किकला मेकॅनिक गाठला असता. रोज मिळणारं मिळेनासं झालं की लगेच कळतं. अधूनमधून मिळणाऱ्याचं ‘आता येईल’ काही संपत नाही.

त्यात गेममधली ती तुतारी. एकाच डावात वीस ओळींवर वीस नाणी लावायची, आठ परत येतात, आणि दिवे लागून संगीत वाजतं. बारा नाणी गेल्याचा सोहळा! ब्रिटनमध्ये 2021पासून ऑनलाइन स्लॉटना असल्या हरण्यावर जल्लोष करायला बंदी आहे. दोन फिरक्यांत किमान अडीच सेकंदांचं अंतरही ठेवावं लागतं. वेग कमी करावा लागला, यातच सगळं आलं. शंभरातले पंच्याण्णव परत देणारं मशीन उदार वाटतं ना? दर वेळी दहा नाणी, तासाला सहाशे फिरक्या. म्हणजे सहा हजार नाणी लावली आणि सरासरी तीनशे गेली. मग ती तीनशे भरून काढायला पुन्हा बसायचं. बुडत्याचा पाय खोलात.

तू म्हणशील, आई, नाणी तर खोटी आहेत. हो. पण बोटाला लागलेली सवय खरी आहे, आणि तिला खोट्या-खऱ्या नाण्यांतला फरक कळेल असं मला वाटत नाही.

पाऊण तासानंतर मी थांबले ती शहाणपणाने नाही, बॅटरी संपली म्हणून. चार्जर शोधायला उठलेसुद्धा होते. शेवटच्या काही फिरक्यांना मात्र आवाज बंद करून, किती लावली आणि किती आली ते कागदावर लिहीत गेले. तेवढ्यानेच खेळ फार कंटाळवाणा झाला होता. तो कागद तुझ्या टेबलावर ठेवलाय. मागची बाजू कोरी आहे.

तुझी,
आई