हुक अडकवायचा कुठे?

महोदय,

बांधकामावरून मजूर पडून दगावला की बातमीच्या शेवटी एक वाक्य बहुतेक वेळा असतंच : ‘त्याने सेफ्टी बेल्ट लावला नव्हता.’ पुण्यात तेहतीस वर्षं साइटवर सुपरवायझर म्हणून काढली, तरी हे वाक्य वाचलं की अजून जिवाला लागतं. वाचणाऱ्याला वाटतं, माणूसच बेफिकीर होता.

आमच्या एका साइटवर सातव्या मजल्याचं बाहेरचं प्लास्टर चाललं होतं. परांचीवरच्या मिस्त्रीने बेल्ट घातला होता, पण हुक कमरेलाच लोंबत होता. मी ओरडलो. तो शांतपणे म्हणाला, “साहेब, अडकवू कुठे? या बांबूला? मी पडलो तर हाही माझ्यासोबत खाली येईल.” त्याचं खरंच होतं. हुक अडकवायला जो मजबूत दोर ताणून बांधतात, लाइफलाइन, तो कुठेच नव्हता. तो बांधून घेणं माझं आणि ठेकेदाराचं काम होतं. दुसऱ्या दिवशी मी तो बांधून घेतला. पण खालचे सहा मजले तो माणूस तसाच करून आला होता आणि मी वहीत ‘बेल्ट वाटले’ असं लिहून मोकळा झालो होतो.

मजुराला धोका कळत नाही, हे मला मान्य नाही. कोणता टेकू हलतोय, कुठल्या डक्टच्या उघड्या भोकावर नुसतंच प्लायवुड टाकलंय, हे इंजिनिअरच्या आधी बिगाऱ्याला ठाऊक असतं. पण काम उक्तं असतं, जेवढे फूट तेवढे पैसे. एका हुकाचा बेल्ट असेल तर जागा बदलताना हुक सोडावाच लागतो आणि नेमका तेव्हाच माणूस मोकळा असतो. दोन हुकांचा बेल्ट असेल तर एक अडकवून मगच दुसरा सोडता येतो. तो थोडा महाग पडतो, एवढंच. शिवाय शंभरदा हुक न लावता काही झालं नाही की भीती मरते. माझीही मेली होती. कठडा नसलेल्या स्लॅबच्या कडेला उभा राहून मी फोनवर बोलत असे.

हेल्मेटचंही तसंच. डोक्यावर चुंबळ आणि चुंबळीवर घमेलं घेऊन जिना चढणाऱ्या बाईने हेल्मेट घालायचं कसं? तिला ‘घाल’ म्हणून दटावणाऱ्यांपैकी मीही एक होतो. घमेली वर न्यायला हॉइस्ट लावावा, हे तेव्हा कुणी बोललं नाही.

आणि जिथे मजुराच्या हातात काहीच नसतं, तिथलं काय? जून 2019 मध्ये कोंढव्यात सोसायटीची भिंत मजुरांच्या झोपड्यांवर कोसळली आणि 15 जण गेले, त्यात लहान मुलंही होती. सप्टेंबर 2023 मध्ये ठाण्यात बाळकुमला उंच इमारतीची लिफ्ट कोसळून 7 कामगार गेले. झोपलेल्या माणसाने, लिफ्टमध्ये उभ्या असलेल्या माणसाने कोणती काळजी घ्यायला हवी होती?

इमारत व इतर बांधकाम कामगारांसाठी 1996 मध्ये कायदा झाला, तेव्हाच पाचशे किंवा जास्त कामगारांच्या आस्थापनेत सुरक्षा समिती आणि तीत कामगारांचेही प्रतिनिधी असावेत, असं त्यात लिहिलं गेलं. माझ्या उभ्या नोकरीत अशा समितीच्या बैठकीत बसलेला एकही गवंडी मला भेटला नाही. बांधकाम कामगारांसाठीच्या सरकारी कल्याणकारी मंडळाच्या सुरक्षा संचात हेल्मेट मिळतं, पण परांची आणि कठडा संचातून येत नाही.

म्हणून आपल्या वार्ताहरांना एक विनंती आहे. अशा अपघाताच्या ठिकाणी गेल्यावर बेल्ट होता का, हे जरूर विचारा. त्यासोबत हेही विचारा : लाइफलाइन बांधलेली होती का, खाली जाळी होती का, काम उक्तं होतं की हजेरीवर, आणि परांची शेवटची कुणी व कधी तपासली? उत्तर देणाऱ्याचं नाव आणि हुद्दाही बातमीत छापा.

– एक निवृत्त साइट सुपरवायझर, पुणे