डिझेलच्या वर्गात पान्याबरोबर मल्टिमीटरही हवा

महोदय,

आयटीआयच्या प्रवेशात ‘मेकॅनिक डिझेल’ हा एक वर्षाचा ट्रेड पुष्कळ मुले भरतात. शेडमध्ये प्रात्यक्षिकाला कोणत्या पिढीचे इंजिन आहे, हे मात्र पालक क्वचितच विचारतात. १ एप्रिल २०२० पासून नवी वाहने बीएस-६ (प्रदूषणाचा कडक निकष) झाली. इनलाइन पंपावर (इंजेक्टरांना डिझेल देणारा जुना यांत्रिक पंप) तयार झालेला मुलगा त्यांच्यापुढे गोंधळतो.

जुने इंजिन भंगारात काढा, असे कुणी म्हणू नये. फीलर गेजने टॅपेट लावणे, रिंग बोअरमध्ये सरळ बसवून तिची गॅप घेणे, बोअरची झीज वर-मध्ये-खाली मोजणे, हा हात तिथेच बसतो. पण तिथलीच एक सवय घातक आहे: हवा काढायला चालू इंजिनाचा नोझलपाइप सैल करणे. जुने नोझल साधारण २०० बारला उघडते. नव्या इंजिनातल्या कॉमन रेलमधला (सगळ्या इंजेक्टरांना डिझेल पुरवणारी सामाईक नळी) दाब १६०० ते २००० बारपर्यंत जातो. ती धार कातडी भेदून आत शिरते. वरून सुईएवढे छिद्र दिसते, पण आत डिझेल पसरलेले असते आणि तातडीने शस्त्रक्रिया करावी लागते. इंजिन बंद करून रेलचा दाब उतरल्यावरच पाना लावायचा.

स्टार्टर फिरतो पण इंजिन उठत नाही, अशी तक्रार आली की अनेक गराजांत आधी पंप उतरवतात. खरे तर आधी फिल्टरखालचे पाणी सोडावे, मग स्टार्टर मारताना स्कॅनरवर रेलचा दाब पाहावा. तो चढत नसेल तर प्रत्येक इंजेक्टरची परतीची नळी सारख्या मापाच्या वेगळ्या बाटलीत सोडावी. जी बाटली इतरांपेक्षा भराभर भरते, तो इंजेक्टर आतून गळतोय. या चाचणीला खर्च जवळपास नाहीच. नवा इंजेक्टर बसवताना तांब्याचा वॉशर नवाच घ्यावा आणि इंजेक्टरवर कोड असेल तर तो ईसीयूत (इंजिनाचा संगणक) भरावा. नाहीतर आयडलिंगला इंजिन थरथरते आणि दोष नव्या पार्टवर जातो.

वायरिंगचेही तसेच. बॅटरी सोडून कॅनच्या (वाहनातले संगणक एकमेकांना जोडणारी लाइन) दोन तारांमध्ये मल्टिमीटरने ६० ओहम यायला हवेत. १२० आले तर एका टोकाचा रेझिस्टर किंवा त्याची तार तुटलेली असते. हे शिकवायला एक तास पुरतो.

डीईएफचा (धूर स्वच्छ करायला वापरायचा युरियाचा द्रव) धडा तर सक्तीचाच करावा. त्यात ३२.५ टक्के शुद्ध युरिया असतो. शेतीचा युरिया पाण्यात कालवून टाकीत ओतणारे महाभाग आहेत. त्यातल्या अशुद्धीने डोसिंग नोझल चोंदते आणि महागडा कॅटॅलिस्टही निकामी होतो.

कंपन्यांनी प्रशिक्षणासाठी बीएस-६ इंजिने द्यावीत, ही विनंती. मात्र संस्थांनी ती घेताना ईसीयू, सेन्सर आणि अखंड हार्नेस (वायरिंगचा जुडगा) सोबत आहे ना, हे पाहूनच घ्यावीत. हार्नेस कापलेले इंजिन फक्त रंगवून काचेत ठेवण्याच्या कामाचे.

– एक शिल्पनिदेशक, मेकॅनिक डिझेल