पट 100 च्या खाली, म्हणून गाणंही नाही?

मा. शालेय शिक्षणमंत्री, महाराष्ट्र राज्य, यांस,
सविनय नमस्कार.

शिक्षण हक्क कायदा, 2009 च्या परिशिष्टात सहावी ते आठवीच्या वर्गांना कलाशिक्षणासाठी अंशकालीन निदेशक द्यावा असं म्हटलं आहे. अट अशी की शाळेचा पट 100 च्या वर हवा. घाटावरच्या मोठ्या गावांत ही अट निभावते. कोकणात मंडणगड, राजापूर, दोडामार्ग या तालुक्यांत शाळा वाडीवाडीवर विखुरलेल्या, मध्ये डोंगर नाहीतर खाडी. तिथे 100 चा आकडा गाठायचा कुणी?

आमची मुख्य मागणी एवढीच : कलेच्या निदेशकासाठी पट शाळेचा न धरता केंद्राचा, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटाचा, धरा. केंद्राला एक संगीताचा आणि एक चित्रकलेचा शिक्षक, प्रत्येक शाळेचा वार ठरलेला, आणि सुट्या तासिकेऐवजी जोड तासिका. तबला लावून पेटी काढेपर्यंत दहा मिनिटं जातात. रंग, ब्रश धुऊन ठेवायलाही तेवढीच. उरलेल्या वेळात मुलांच्या हाती काय लागणार? प्रवासखर्च मानधनात धरू नका, वेगळा द्या. दिवसाला दोनच एसटी असलेल्या गावात मानधनातलं निम्मं जाण्यायेण्यात संपलं की शिक्षक श्रावणापर्यंतही टिकत नाही.

आणि कृपया माणसाच्या आधी वाद्यं पाठवू नका. किनाऱ्यावर पावसाळ्याचे चार महिने न वाजलेली पेटी दिवाळीला उघडली तर लाकूड फुगून पट्ट्या अडकलेल्या, स्क्रू गंजलेले आणि भाता वारा सोडणारा निघतो. तबल्याची पुडी, म्हणजे तोंडावरचं कातडं, दमट हवेत सैल पडून उतरते. मग कुणीतरी वाद्यांखालचे लाकडी गट्टे ठोकून ती चढवतो, तशीच ठेवून देतो, आणि कोरड्या दिवसांत ताण वाढून ती फाटते. ओली पुडी विस्तवावर शेकली तर तिच्यावरचा काळा लेप, शाई, तडकते. उपाय महाग नाहीत : वाद्यांचं कपाट जांभ्याच्या भिंतीपासून वीतभर पुढे आणि जमिनीपासून उंच, वाजवून झाल्यावर गट्टे थोडे वर सरकवून पुडी सैल, पेटी रोज थोडी तरी वाजलेली. हे रोज करायला माणूस लागतो. पुडी बदलण्याचा आणि पेटी लावून घेण्याचा खर्च सादिलमधून, म्हणजे शाळेच्या किरकोळ खर्चाच्या अनुदानातून, करता येतो, असं मुख्याध्यापकांना स्पष्ट लिहून द्या. आज त्यांना लेखापरीक्षणाची धास्ती वाटते.

खरेदीतली आणखी एक ढोबळ चूक. साडेपाच इंची तोंडाचा तबला साधारण काळी एकला, म्हणजे पेटीच्या सप्तकातल्या पहिल्या काळ्या पट्टीच्या सुराला लागतो. ती पुरुषांची पट्टी. मुलांचा आवाज काळी चारच्या आसपास मोकळा होतो. त्यासाठी मोठ्या तोंडाचा तबला हवा. चुकीच्या पट्टीत मुलं वरच्या सुरांना ओरडतात, खालच्यांना पुटपुटतात, आणि शेरा पडतो, ‘मुलांना सूर नाही’.

माणसं आणायची कुठून, असं आपण विचाराल. सिंधुदुर्गात दशावताराच्या जत्रा कार्तिकात सुरू होतात. जून ते दिवाळी हे कलाकार बहुतेक मोकळे असतात, आणि शाळा तर जूनमध्येच उघडते. रत्नागिरीत नमन-खेळे आणि जाखडी या लोककलांचे कलाकार आहेत, गावोगाव भजनी बुवा आहेत. पिंगुळीच्या चित्रकथीसाठी परशुराम गंगावणे यांना 2021 मध्ये पद्मश्री मिळाली. ती कला चित्र, गाणं आणि कथन एकत्र शिकवते. दशावतारात संवादांची संहिता नसते, पात्रं उभ्या उभ्या बोलतात. प्रकट वाचनात अडखळणाऱ्या मुलाला याहून चांगला सराव आम्हाला ठाऊक नाही. केरवा तालाच्या आठ मात्रांत दुगुन आणि चौगुन, म्हणजे एका मात्रेत दोन आणि चार बोल, टाळीवर धरणाऱ्या मुलीला अर्धा आणि पाव फळ्यावर वेगळे शिकवावे लागत नाहीत. मात्र या मंडळींकडे पदविका मागितली तर एकही येणार नाही. त्यांना तासिका तत्त्वावर घ्या, आणि निवड केंद्रप्रमुख व शाळा व्यवस्थापन समितीवर सोपवा.

दहावीला शास्त्रीय संगीत, लोककला आणि चित्रकलेचे वाढीव गुण मिळतात. चित्रकलेसाठी इंटरमीजिएट ही शासकीय चित्रकला परीक्षा लागते, आणि तिची तयारी शिक्षकाविना होत नाही. शहरात खासगी वर्ग आहेत. वाडीतल्या मुलांच्या वाट्याला ते गुण येत नाहीत. मग ही सवलत आहे की शहर आणि वाडीतली आणखी एक दरी, हे आपणच ठरवा.

निदान एका तालुक्यात येत्या जूनपासून केंद्राचा पट धरून पाहा. आदेश एप्रिलमध्ये निघाला तरच जमेल. जुलैत निघाला तर निवड होईपर्यंत दिवाळी येईल आणि दशावतारी जत्रेला निघून जातील.

आपले,
कोकणातील काही संगीत व चित्रकला शिक्षक आणि वाद्यांचे कारागीर